मला नेमके किती येते?

नोकरीच्या अर्जात किंवा कॅम्पस मुलाखतीआधी भरायच्या फॉर्ममध्ये एक छोटासा रकाना असतो : ‘प्रोग्रामिंगमधील तुमची पातळी, १० पैकी किती?’ हा रकाना बहुतेक जण अर्ध्या मिनिटात भरतात. कोणी ७ लिहितो, कोणी ८. हा आकडा कुठून आला असे विचारले तर मात्र उत्तर सापडत नाही. मित्राने ८ लिहिले म्हणून आपण ७ लिहिलेले असतात. किंवा ५ लिहिले तर बोलावणारच नाहीत, अशी भीती असते. किंवा मागच्या आठवड्यात एक प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला, त्याचा आनंद अजून मनात असतो.

वाचकहो, तुम्ही प्रोग्रामिंग शिकत असाल, त्यावरच पोट भरत असाल, किंवा तुमच्या घरातील मुलगा-मुलगी ते शिकत असेल. तिन्ही परिस्थितींत हा रकाना आपल्याला एक जुना प्रश्न नव्याने विचारतो. स्वतःबद्दल खरे बोलणे म्हणजे काय?

मुद्दाम खोटे लिहिणारे असतातच. त्यांच्यासाठी वेगळ्या लेखाची गरज नाही. ते खोटे आहे हे त्यांना ठाऊक असते. अवघड प्रश्न उरलेल्यांचा आहे. मनापासून खरे सांगायचे आहे, पण खरे काय तेच माहीत नाही, अशी माणसे संख्येने कितीतरी जास्त आहेत. त्यांच्या बाबतीत प्रामाणिकपणा म्हणजे केवळ जे वाटते ते बोलणे नव्हे. जे वाटते ते तपासून पाहण्याचे कष्ट घेणे, हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

खात्री वाटणे आणि बरोबर असणे

एक ठोस उदाहरण घेऊ. शब्दकोशात शब्द कसा शोधतो? मधले पान उघडतो. आपला शब्द त्याच्या आधी येत असेल तर पुढचा अर्धा भाग सोडून देतो आणि उरलेल्या भागाचे पुन्हा मधले पान उघडतो. संगणकात क्रमाने लावलेल्या यादीतून एखादी गोष्ट शोधण्याची हीच पद्धत आहे. तिला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. पद्धत पाच मिनिटांत समजते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. ‘हे मला येते’ असे म्हणायला यापेक्षा सोपी गोष्ट सापडणे कठीण.

पण संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी नोंदवून ठेवले आहे की, बायनरी सर्च पहिल्यांदा १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोणत्याही आकाराच्या यादीवर बिनचूक चालणारी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध व्हायला १९६० साल उजाडले. पाच मिनिटांत समजणारी गोष्ट निर्दोष लिहिली जायला चौदा वर्षे लागली.

पुढे जॉन बेंटली या तज्ज्ञाने व्यावसायिक प्रोग्रामरांच्या वर्गात हाच प्रश्न दिला. वेळ भरपूर, दोनेक तासांचा. वेळ संपल्यावर जवळजवळ सर्वांनी सांगितले की आपला प्रोग्राम बरोबर आहे. मग त्यांनी स्वतःच तो अर्धा तास तपासला. शंभराहून अधिक प्रोग्रामरांमध्ये निकाल साधारण सारखाच आला : ९० टक्के जणांना स्वतःच्या प्रोग्राममध्ये चुका सापडल्या.

ही माणसे खोटे बोलत नव्हती, नवखी नव्हती आणि आळशीही नव्हती. त्यांना खात्री वाटत होती, एवढेच. गोष्ट इथेच संपत नाही. २००६ साली जोशुआ ब्लॉक या नामवंत प्रोग्रामरने जाहीरपणे लिहिले की, जावा भाषेच्या अधिकृत संचासाठी आपण स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक आहे आणि ती सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागले होते. यादी शंभर कोटींच्या वर गेली की ही बेरीज संगणकाने त्या संख्येसाठी राखलेल्या जागेत मावत नाही आणि उत्तर ऋण येते. विशेष म्हणजे ब्लॉक हे बेंटली यांच्याच वर्गात शिकलेले होते. आणि बेंटली यांनी बरोबर असल्याचे सिद्ध करून पुस्तकात छापलेल्या प्रोग्राममध्येही नेमकी हीच चूक होती.

यातून ‘कोणालाच काही येत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. हे दोघेही आपल्या क्षेत्रातले मोठे लोक आहेत आणि ही गोष्ट कळल्यावरही मोठेच राहतात. आपल्यासाठी शिकण्याची गोष्ट वेगळी आहे. मनातली खात्री ही एक भावना आहे, पुरावा नव्हे. आपण आपली पातळी बहुतेक वेळा या भावनेवरूनच ठरवतो.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला हे आमच्या भाषेत सांगणे सोपे जाते. ट्रायल बॅलन्सच्या दोन्ही बाजू जुळल्या की नव्या विद्यार्थ्याला वाटते, हिशेब बरोबर आहे. पण आम्हाला लवकरच शिकवतात की बाजू जुळल्या तरी आत चुका असू शकतात. एखादा व्यवहार लिहायचाच राहिलेला असतो, रक्कम भलत्याच खात्यावर टाकलेली असते, किंवा दोन चुका एकमेकींना झाकत असतात. प्रोग्राम चालला म्हणजे बाजू जुळल्या, इतकेच. खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते.

मन असे का फसते?

१९९९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा विषयांच्या चाचण्या दिल्या आणि ‘इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात?’ असेही विचारले. सर्वांत खालच्या चौथ्या भागातील विद्यार्थी सरासरीने १०० पैकी १२ व्या पायरीवर होते. त्यांना वाटत होते की आपण ६२ व्या पायरीवर आहोत. या अभ्यासातील आकडेमोडीवर पुढे बरेच वाद झाले आहेत, म्हणून त्यातून ‘अडाणी माणूस घमेंडखोर असतो’ असे सोयीचे सुभाषित बनवू नये. पण त्यातील एक विचार आपल्या कामाचा आहे : एखादे काम नीट करायला जे ज्ञान लागते, बहुधा तेच ज्ञान ते काम नीट झाले की नाही हे ओळखायलाही लागते. ज्याला शुद्धलेखन येत नाही, त्याला स्वतःच्या निबंधातील अशुद्धे दिसणार कशी? म्हणून यात दोष द्यायचा तर तो स्वभावाला नाही. दिसतच नाही, ही अडचण आहे.

याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सर्वांत वरच्या गटातील विद्यार्थ्यांनी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा खाली धरले होते. आपल्याला सोपे गेले म्हणजे सर्वांनाच सोपे गेले असणार, असे त्यांना वाटले. इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर त्यांचा अंदाज सुधारला.

आणखी एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००२ मध्ये लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी लोकांना विचारले की पँटची चेन, कुलूप, फ्लश यांसारख्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळते. लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग सांगितले, आता पायरी-पायरीने लिहून काढा. लिहायला बसल्यावर त्याच लोकांनी स्वतःचे गुण कमी केले. कोणी त्यांना रागावले नव्हते, कोणी नापास केले नव्हते. कागदाने त्यांना आरसा दाखवला, एवढेच.

‘मला काहीच येत नाही’ हेही असत्यच

आपल्याकडे फुशारकी वाईट मानतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एक दुसरी सवय लागते. हाताला चांगले काम असलेली मुलगीसुद्धा ‘थोडंफार येतं’ म्हणून मागे सरते. ऐकणाऱ्याला ते विनयाचे बोलणे वाटते. पण जरा तपासून पाहा. हे बोलण्यामागे कधी कधी वेगळेच कारण असते : अपेक्षाच ठेवली नाही तर अपयशही पदरी येणार नाही. ‘मला येत नाही’ ही मग एक सुरक्षित जागा बनते. शिवाय तुम्ही मागे सरलात की ते काम तुमच्याहून कमी तयारीच्या माणसाकडे जाते आणि त्याचे परिणाम तिसराच कोणी भोगतो.

स्वतःला वाढवून सांगणारा आणि कमी सांगणारा, दोघांचेही लक्ष एकाच ठिकाणी खिळलेले असते : मी कसा दिसतो? कामाकडे दोघांचेही लक्ष नसते. विनय म्हणजे स्वतःची किंमत कमी सांगणे नव्हे. आहे तेवढे सांगणे आणि त्यापुढे स्वतःबद्दल फार न बोलणे, याला विनय म्हणता येईल.

प्रश्न केवळ माझा नाही

‘मी स्वतःला काय समजतो, त्याने कोणाचे काय बिघडते?’ असे मनात येऊ शकते. बिघडते. तुम्ही ‘येते’ म्हणालात की त्या शब्दावर कोणीतरी आपले काम बेतते. प्रकल्प सांभाळणारे ताई किंवा दादा तारीख ठरवतात. शेजारी बसणारा सहकारी तुमचा भाग पुन्हा तपासत नाही. एखादा छोटा दुकानदार आपल्या सगळ्या बिलांचा हिशेब तुमच्या प्रोग्रामच्या हवाली करतो. त्याला आतले काही कळत नाही. त्याच्याजवळ तपासायला केवळ तुमचा शब्द असतो.

याचे एक दुःखद उदाहरण संगणकशास्त्रात आजही शिकवले जाते. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना नको तितक्या प्रमाणात किरणांचा मारा दिला. काही जण त्यातून दगावले. त्याआधीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या प्रोग्राममध्येही त्यांपैकी एक चूक होती. पण त्या यंत्रात प्रोग्रामवर अवलंबून नसलेली विद्युत-सुरक्षा व्यवस्था होती. चूक झाली की ती यंत्रालाच थांबवत असे. नव्या यंत्रात अशी स्वतंत्र सुरक्षा काढून टाकण्यात आली आणि भार प्रोग्रामवर टाकला गेला. प्रोग्राम निर्धोक वाटत होता, कारण त्याच्या चुका आजवर दुसरेच कोणीतरी झेलत होते.

ही शेवटची गोष्ट प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी. माझ्या चुका आज कोण झेलते आहे? शेजारचा अनुभवी सहकारी? चूक झाली की लाल रेघ दाखवणारे सॉफ्टवेअर? की मागितला की लगेच कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता?

कर्जाऊ कौशल्य

मदत घेण्यात काही गैर नाही. कर्ज काढून धंदा करण्यातही गैर नाही. पण ताळेबंदात मालकाचे भांडवल एका ठिकाणी दाखवतात आणि कर्ज वेगळ्या ठिकाणी. कर्जाला भांडवल म्हणून दाखवणे हे हिशेबातले असत्य आहे, मग एकूण रक्कम कितीही बरोबर जुळो. आज एआयच्या मदतीने नवखा विद्यार्थीही एका संध्याकाळी नीट चालणारे ॲप उभे करू शकतो. ते ॲप खरे आहे, कामाचेही आहे. पण ‘हे मी केले’ या वाक्यात माझे भांडवल किती आणि कर्ज किती, हे निदान मला तरी माहीत असले पाहिजे.

ओळखायची खूण साधी आहे. ॲप बिघडले तर मी कुठे पाहायचे हे मला कळते का? ‘ही ओळ इथे का आहे?’ असे कोणी विचारले, तर मला उत्तर देता येते का? जिथे उत्तर येत नाही, तिथे कर्ज आहे. कर्ज फेडता येते. आज जे दुसऱ्याने लिहून दिले, ते उद्या समजून घेतले की ते आपले होते. न फेडता विसरून जाणे मात्र धोक्याचे.

हिशेब कसा ठेवावा?

आत्मपरीक्षण म्हटले की डोळे मिटून मनात डोकावणे आपल्याला आठवते. कौशल्याच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण जे मन परीक्षा घेते तेच परीक्षेला बसलेले असते. इथे वही लागते. काही साधे उपाय असे.

पहिला, विशेषण सोडा आणि क्रियापद धरा. ‘मी चांगला आहे’, ‘मी मध्यम आहे’ ही वाक्ये तपासता येत नाहीत. ‘विक्रीच्या नोंदींची फाइल वाचून महिन्याचा तक्ता करणारा प्रोग्राम मी कोणाच्या मदतीशिवाय लिहिला आहे’ हे वाक्य तपासता येते. एका कागदावर तीन रकाने करा : स्वतःच्या बळावर येते, मदतीने येते, अजून येत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तुम्ही पुरेसा विचार केलेला नाही असे समजा. पहिला रिकामा राहिला, तरीही तसेच समजा.

दुसरा, आधी अंदाज लिहा, मग काम करा. वॉट्स हम्फ्री यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात प्रोग्रामरांसाठी एक वैयक्तिक शिस्त मांडली. काम सुरू करण्यापूर्वी किती वेळ लागेल याचा अंदाज लिहायचा, काम करताना प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि सापडलेल्या चुका नोंदवायच्या, शेवटी दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. तुम्ही ‘दोन तास’ लिहिले आणि सात लागले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. स्वतःबद्दलची एक खरी माहिती तुमच्या हाती आली. दहा-बारा कामांनंतर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील अंतर कमी होऊ लागते. ते अंतर कमी होणे म्हणजेच स्वतःला ओळखू लागणे.

तिसरा, चुकांची वही ठेवा. नुथ यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिताना आपल्या चुकांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली, त्यांचे प्रकार पाडले आणि १९८९ मध्ये आठशेहून अधिक नोंदींची ती यादी सर्वांसाठी छापली. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचे बक्षीसही देत आले आहेत. चूक दाखवणाऱ्याला शत्रू समजण्याऐवजी बक्षीस देणारे हे मन आपल्यालाही हवे. शंभर चुका लिहून झाल्या की दिसते, त्यांतील बऱ्याच एकाच जातीच्या आहेत. मग त्यांवर इलाज करता येतो.

चौथा, समजले असे वाटते ते मराठीत लिहून काढा, आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्या आईला, काकांना किंवा धाकट्या भावाला समजावून सांगा. इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या आड न समजलेल्या गोष्टी सहज लपतात. आपल्या भाषेत सांगताना त्या उघड्या पडतात.

पाचवा, दुसऱ्याला तपासू द्या. सीए कितीही सचोटीचा असला तरी स्वतःच लिहिलेल्या वहीखात्याचे ऑडिट त्याने स्वतः करायचे नसते. हा नियम त्याच्यावरील अविश्वासातून आलेला नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, हे ओळखून तो केलेला आहे. तुमच्याहून पुढे असलेल्या एकाला महिन्यातून एकदा आपला कोड दाखवा. इतरांचा कोडही वाचा. त्याने फुगलेला अंदाज खाली येतो आणि उगाच दबलेला अंदाज वर येतो.

खरे बोलायला आधार काय?

हे सारे वाचूनही एक भीती उरते. खरे सांगितले तर मागे पडेन. ही भीती खोटी नाही. घरी कर्जाचे हप्ते असतात, वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असतात, आणि समोरचा उमेदवार बिनधास्त ९ लिहून गेलेला असतो. खरे बोलल्याने नेहमी फायदाच होतो, असे आश्वासन मी देणार नाही. कधी कधी एखादी संधी जाईल.

पण दोन गोष्टींचा विचार करा. पहिली व्यवहाराची. ‘एवढे येते, एवढे मदतीने येते, एवढे अजून शिकायचे आहे’ असे नेमके सांगणारा उमेदवार जाणत्या मुलाखतकाराला कच्चा वाटत नाही. ज्याला स्वतःच्या मर्यादेची रेघ कुठे आहे हे कळते, त्याच्या रेघेच्या आतल्या कामावर भरवसा ठेवता येतो. एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९७२ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणाला ‘विनम्र प्रोग्रामर’ अशा अर्थाचे नाव दिले होते. माणसाच्या बुद्धीची झेप मर्यादित आहे हे ओळखून जो काम करतो, तोच हे काम नीट करू शकतो, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे नम्रता हा त्यांच्या दृष्टीने शिष्टाचार नव्हता, ते कामाचे साधन होते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ‘मला किती येते’ आणि ‘माझी किंमत किती’ हे दोन प्रश्न आपण एकच समजतो, म्हणूनच पहिल्याचे खरे उत्तर देताना हात थरथरतो. कौशल्य हे माझ्याजवळ आहे. ते म्हणजे मी नव्हे. ते गेल्या वर्षी कमी होते, पुढच्या वर्षी वाढेल, वापरले नाही तर गंजेल. दुकानातला माल मोजताना दुकानदार रडत नाही आणि नाचतही नाही. कमी असेल ते मागवतो, जास्त असेल ते विकायला काढतो. तेवढ्या शांतपणे आपले कौशल्य मोजता आले, तर आकडा लहान आला म्हणून कोणी लहान होत नाही.

म्हणून या आठवड्यात एक तास काढा. कागदावर तीन रकाने आखा. समोर इंटरनेट नको, शेजारी कोणी नको. जे लिहाल ते कोणाला दाखवायचे नाही, म्हणून कोणासाठी सजवायचेही नाही. पहिल्या रकान्यातील एक गोष्ट निवडा आणि ती खरोखर कोणाच्या मदतीशिवाय करून पाहा. जमली तर ती तिथेच राहू द्या. नाही जमली, तर खोडून दुसऱ्या रकान्यात लिहा. त्या दिवशी तुमचे कौशल्य तसूभरही कमी झालेले नसेल. तुमचा शब्द मात्र थोडा अधिक खरा झालेला असेल, आणि उद्या त्या शब्दावर विसंबणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होईल.